चाकाचे नट आणि इम्पॅक्ट रेंच : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

घरच्या घरी गाडीचे चाक बदलता यावे म्हणून विजेवर चालणारा इम्पॅक्ट रेंच, म्हणजे बोलीभाषेतली ‘गन’, घ्यावी का आणि घ्यायची झाल्यास कोणती, अशी विचारणा अनेक वाचकांनी केली आहे. त्यांतील काही प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी गाडी लहान हॅचबॅक आहे. जाहिरातींत ३०० पासून १००० न्यूटन-मीटरपर्यंतचे आकडे दिसतात. मला नेमकी किती ताकद लागेल? (नाशिक)

उत्तर : सुरुवात यंत्राच्या खोक्यापासून न करता गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेपासून करावी. चाकाचे नट किती टॉर्कने, म्हणजे पिळण्याच्या किती जोराने, आवळायचे हे तिच्यात दिलेले असते आणि लहान गाड्यांसाठी तो आकडा साधारणपणे ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो. सोडवताना मात्र त्याहून बराच अधिक जोर लागतो, कारण मधल्या काळात आट्यांत गंज आणि धूळ बसलेली असते, शिवाय टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट प्रमाणाबाहेर आवळलेला असण्याचीही शक्यता असते. हे सर्व धरूनही घरगुती वापरासाठी ३०० ते ३५० न्यूटन-मीटरचा खरा टॉर्क पुरेसा आहे.

‘खरा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. एकाच यंत्राचे दोन आकडे असतात, एक आवळण्याचा आणि दुसरा घट्ट बसलेला नट सुटण्याचा. उदाहरणार्थ, मकिताच्या डीटीडब्ल्यू ३०० या यंत्राचा आवळण्याचा कमाल टॉर्क ३३० आणि नट सोडवण्याचा ५८० न्यूटन-मीटर दिलेला आहे. खोक्यावर अर्थातच मोठा आकडा ठळक असतो, म्हणून तुलना करताना दोन्ही यंत्रांचे आवळण्याचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. यंत्राच्या तोंडाशी अर्ध्या इंचाचा चौकोनी दांडा हवा. पाव इंचाचे षटकोनी तोंड असलेला इम्पॅक्ट ड्रायव्हर स्क्रूसाठी असतो, तो या कामाचा नाही. गोटी, म्हणजे नटावर बसणारे सॉकेट, कोणत्या मापाची लागेल हे गाडीवर अवलंबून आहे. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १९ नंबरची (१९ मिलिमीटरची), तर ह्युंदाई आणि टोयोटाच्या बहुतेक गाड्यांना २१ नंबरची गोटी बसते.

प्रश्न : माझे वय ६३ आहे. गाडीतल्या पान्याने नट हलतसुद्धा नाही. हे यंत्र मनगटाला हिसका देईल का? (सातारा)

उत्तर : आपल्याला नट हलत नाही यात आपला काहीही दोष नाही. गाडीबरोबर मिळणारा पाना ३० सेंटीमीटर लांबीचा धरला, तर १०० न्यूटन-मीटरसाठी त्याच्या टोकाशी सुमारे ३४ किलो वजनाइतका जोर द्यावा लागतो, आणि नट २५० न्यूटन-मीटरला अडकला असेल तर तोच जोर ८५ किलोंवर जातो. इतका जोर धडधाकट तरुणालाही सहज लावता येत नाही.

इम्पॅक्ट रेंचमध्ये मोटर थेट नटाला पिळत नाही. मोटर आतला एक हातोडा फिरवते. नटाने विरोध केला की स्प्रिंग दाबली जाऊन हातोडा क्षणभर मागे सरकतो आणि पुन्हा पुढे येऊन गोटी धरणाऱ्या दांड्याच्या कानांवर आपटतो. असे ठोके मिनिटाला दोन-तीन हजार पडतात. प्रत्येक ठोका इतका अल्प असतो की त्याची पूर्ण प्रतिक्रिया हातापर्यंत येत नाही, हाताला जाणवते ती थरथर. साध्या ड्रिल मशीनने मोठा स्क्रू अडकल्यावर मनगट जसे पिळवटते तसे येथे होत नाही. आपल्यासाठी मी बॅटरीसह अडीच किलोंच्या आतले यंत्र सुचवेन. त्याहून जड यंत्र वाकून, एका हाताने नटाच्या रेषेत धरणे कठीण जाते आणि गोटी तिरकी बसली की नटाच्या कडा झिजतात.

प्रश्न : गाडीच्या लायटर सॉकेटवर चालणारा १२ व्होल्टचा रेंच स्वस्त मिळतो आहे. घ्यावा का? आणि ‘१२८ व्होल्ट’ लिहिलेली बॅटरीची गन कशी असते? (ठाणे)

उत्तर : लायटर सॉकेटचा फ्यूज सहसा १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे त्यातून फार तर १८० वॉटपर्यंत वीज मिळते. असे रेंच आतले जड चाक आधी काही सेकंद फिरवून वेग साठवतात आणि मग एकेक ठोका देतात. नट मोकळा असेल तर काम होते, गंजलेला असेल तर बराच वेळ जातो. चिमट्यांनी थेट गाडीच्या बॅटरीला जोडायचा प्रकार त्यातल्या त्यात बरा.

१२८ व्होल्ट हा आकडा मनावर घेऊ नये. या यंत्रांच्या बॅटरीत बहुधा पाचच लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचे ३.६ व्होल्ट धरले तर १८, आणि पूर्ण चार्ज झाल्यावरचे ४.२ धरले तर २१ व्होल्ट होतात. बाजारातली १८, २० आणि २१ व्होल्टची यंत्रे बहुतांशी एकाच जातीची असतात ती याचमुळे. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर स्पष्ट लिहिलेले असावेत. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॉट-अवर, आणि एवढ्यात चारही चाके आरामात होतात. ज्या विक्रेत्याला हा साधा हिशेब सांगता येत नाही, त्याच्याकडून लिथियम बॅटरी घरात आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : नट सोडवता येतात, तर त्याच गनने आवळायला काय हरकत आहे? टायरवाले तसेच करतात. (पुणे)

उत्तर : या सदरात मला सर्वांत आग्रहाने सांगायची गोष्ट हीच आहे : गन सोडवण्यासाठी वापरावी, शेवटचे आवळणे हाताने करावे. काही वर्षांपूर्वी एका दुकानात माझ्या गाडीचे चारही टायर बदलले गेले आणि प्रत्येक नटावर गन मनसोक्त चालवली गेली. पुढे काही महिन्यांनी घाटाच्या पायथ्याशी चाक बदलताना एक स्टड, म्हणजे ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा, कट्‌ असा आवाज करून पान्यातच तुटला. तुटलेला तुकडा हातात घेऊन पाहिला, तर त्याच्या तोंडाचा अर्धा भाग तपकिरी, गंजलेला होता आणि उरलेला अर्धा ताज्या धातूसारखा चमकत होता. म्हणजे तडा आधीच गेलेला होता आणि त्या दिवसापर्यंत चाक उरलेल्या अर्ध्या स्टडवर चालले होते. कुटुंबाला घेऊन मी त्याच चाकांवर शेकडो किलोमीटर गेलो होतो, ही जाणीव अजूनही पुसली गेलेली नाही.

म्हणून प्रत्येक नटाचे पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरवावेत. नट तिरका धरला असेल तर तो बोटांना लगेच कळतो, गनला कळत नाही आणि ती आटे खाऊन टाकते. नंतर समोरासमोरचे नट आळीपाळीने घेत पान्याने बेताचे घट्ट करावेत, गाडी जॅकवरून उतरवावी आणि मग ४० ते २०० न्यूटन-मीटर पल्ल्याच्या टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेला टॉर्क आला की आवाज करणाऱ्या पान्याने, पुस्तिकेतला आकडा लावून ‘टक्‌’ आवाज येईपर्यंत आवळावेत. एकदा आवाज आला की थांबावे. टॉर्क रेंचने नट सोडवू नयेत, आणि काम झाल्यावर त्याची सेटिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी. ५० ते १०० किलोमीटर धावल्यानंतर नट पुन्हा एकदा तपासावेत. खर्चाची मर्यादा असेल तर गन लहान घ्यावी, परंतु टॉर्क रेंच वगळू नये.

गोट्यांबाबतही काटकसर नको. हातपान्याच्या चकचकीत गोट्या ठोक्यांनी तडकतात आणि तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. इम्पॅक्टसाठीच्या काळ्या, जाड भिंतीच्या, सहा कोनी गोट्या घ्याव्यात आणि संरक्षक चष्मा लावावा. चोरीपासून संरक्षण देणारा लॉक नट असेल, तर त्याच्या चावीवर गन अजिबात चालवू नये.

प्रश्न : आमच्याकडे खाऱ्या हवेने नट गंजतात. तेल लावून ठेवावे का? (रत्नागिरी)

उत्तर : सोडवण्यापूर्वी गंज सोडवणारे तेल आट्यांवर फवारून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, मात्र ते ब्रेक डिस्कवर उडू देऊ नये. आवळण्यापूर्वी आटे तारेच्या ब्रशने घासून कोरडे पुसावेत. पुस्तिकेतला टॉर्क बहुधा कोरड्या आट्यांसाठी असतो. तेलकट आट्यांवर तोच आकडा लावला तर स्टड प्रत्यक्षात कितीतरी जास्त ताणला जातो.

प्रश्न : यंत्र कायम डिकीत ठेवले तर चालेल का? (चंद्रपूर)

उत्तर : आपल्याकडच्या उन्हाळ्यात चालणार नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीच्या आत तापमान त्याहून खूप वर जाते, आणि अशा बॅटऱ्या साठवण्यासाठी उत्पादक सहसा ५० अंशांच्या आसपासची मर्यादा घालतात. बॅटरी अर्धी-अधिक चार्ज करून घरात सावलीत ठेवावी आणि लांबच्या प्रवासाला निघतानाच गाडीत घ्यावी. डिकीत जॅक, चाकामागे लावायला लाकडाचे दोन ठोकळे, योग्य मापाची गोटी आणि ६० सेंटीमीटरची टॉमी (गोटी फिरवायचा लांब दांडा) मात्र बारा महिने राहू द्यावी. वर सांगितलेला ३४ किलोंचा जोर या टॉमीने १७ किलोंवर येतो. दोन वर्षांतून एखादेच चाक बदलणाऱ्याने गन न घेता एवढेच घेतले, तरी त्याचे काम भागेल.