भय्या म्हणजे भाऊच ना?

प्रश्न असा आहे : "पुढारी भाषणात 'परप्रांतीय', 'भय्ये', 'उपरे' हे शब्द वापरतात, ते मुद्दाम की तोंडात बसलेत म्हणून? इंग्रजीत याला 'डॉग व्हिसल' म्हणतात, म्हणजे वरवर साधं पण आपल्याच माणसांना खरा रोख कळेल असं बोलणं, त्याला मराठीत काही शब्द आहे का? आणि भय्याचा मूळ अर्थ भाऊ असेल तर त्यात वाईट काय?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो ऐकून ऐकून कान किटले आहेत. भाषण अंगाशी आलं की दुसऱ्या दिवशी कोणीतरी कार्यकर्ता व्युत्पत्ती घेऊन हजर. "भय्या म्हणजे भाऊच ना?" हो, भाऊच. संस्कृत भ्रातृ, त्यातूनच तिकडे भैया आणि इकडे भाऊ. पुढे? भाई आणि दादा हे दोघेही घरातलेच, आणि मुंबईत दोघांचेही गुंड झाले. 'दादागिरी' म्हणजे थोरल्या भावाची माया असं कोर्टात सांगून बघा. आयुष्यभर व्युत्पत्तीचा नाद केला तो तिनं पुढाऱ्यांचं वकीलपत्र घ्यावं म्हणून नव्हे. शब्द कुठून आला ते मी सांगीन. तो आज कोणाला लागतो, ते ज्याला लागतो त्यालाच विचारायचं.

'उपरा'बद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, तो सरळ तोंडावर मारलेला शब्द आहे. गंमत 'परप्रांतीय'मध्ये आहे. दिसायला अगदी सरकारी कागदावरचा, इस्त्री केलेला. पण १९५० साली राज्यघटना आली आणि प्रांत जाऊन राज्यं झाली. प्रांत आता उरलाय तो महसूल खात्यात, 'प्रांतसाहेब' म्हणजे उपविभागीय अधिकारी. त्या हिशेबानं बारामतीचा माणूस भोरला गेला तरी परप्रांतीयच की. प्रांत गेले, परप्रांतीय राहिले.

मुद्दाम की सवयीनं, हे ओळखायची माझी एक साधी रीत आहे. शब्दाच्या अर्थात कोण कोण बसतं ते पाहायचं, मग वापरात कोण कोण बसतं ते पाहायचं, आणि वजाबाकी करायची. बेळगावहून आलेला मराठी माणूस दुसऱ्या राज्यातला, पण त्याला परप्रांतीय म्हटलेलं ऐकलंय? इंदूरचा, बडोद्याचा? बरं, ते मराठी म्हणून सोडून देऊ. मग मलबार हिलवर चार पिढ्या राहणारा हिरे व्यापारी? आमच्या सोसायटीच्या सभेत एकांनी उठून "परप्रांतीय फार वाढलेत" असा सूर लावला. अध्यक्ष गुजराती, खजिनदार तमिळ. दोघांनीही गंभीरपणे माना डोलावल्या. कारण सभेतल्या प्रत्येकाला कळलं होतं की बोलणं गेटाबाहेर भाजीची गाडी लावणाऱ्याबद्दल चाललंय. शब्दात प्रांत आहे, वापरात गरिबी आहे. वजाबाकी करून जे उरतं, तोच त्या शब्दाचा खरा मजकूर.

आता 'डॉग व्हिसल'. काही अनुवादकांनी 'श्वानशिट्टी' काढला आहे. माफ करा, हा शब्द नव्हे, पशुवैद्यकाचं बिल आहे. काही जाणते म्हणतात, आपल्याकडे 'लेकी बोले सुने लागे' असताना नवा शब्द कशाला? मोठमोठ्या लोकांनी हे म्हटलंय, तरी चूक आहे. तिथं सुनेला कळावं हाच हेतू असतो, आणि तिला कळतंही. इथं उलटं आहे. सुनेनं तक्रार केली तर सासू म्हणणार, "अगं मी तर मांजराला हाकलत होते, तुझंच मन वाईट." कळायचं असतं ते सुनेला नाही, गल्लीतल्या बाकीच्या सासवांना.

याला अगदी जवळचा मराठी शब्द आहे आणि तो कोणाला आठवत नाही याचं मला नवल वाटतं. करपल्लवी! पल्लव म्हणजे कोवळी पालवी, हाताची पालवी म्हणजे बोटं, आणि बोटांनी बोलायचं ते करपल्लवी. डोळ्यांनी बोलायचं ते नेत्रपल्लवी. मला करपल्लवी मावशीनं शिकवली. नागाच्या फणीसारखा पंजा केला की 'अहिफणी', म्हणजे स्वर. बोटं मिटून कळीसारखी केली की 'कमळ', म्हणजे कवर्ग. हवेत बोट गोल फिरवलं की 'चक्र', चवर्ग. धनुष्याची दोरी ओढल्यासारखं केलं की 'टंकार', टवर्ग. वर्ग सांगून झाला की बोटं दाखवून त्यातलं कितवं अक्षर ते सांगायचं. 'गप' म्हणायचं असेल तर कमळ आणि तीन बोटं, मग पवर्गाची खूण आणि एक बोट. पाहुणे समोर बसलेले असताना ती मला असं दहादा गप करायची आणि पाहुण्यांना वाटायचं, बाईंना बोलताना हातवारे करायची सवय दिसते.

आहे की नाही हुबेहूब? सगळ्यांदेखत चाललेलं, जाणणाऱ्यालाच वाचता येणारं, आणि पकडलं तर "मी डास मारत होते" म्हणायला मोकळं. म्हणून मी 'शब्दपल्लवी' सुचवतो.

याच्यापुढचं माझं मत आहे, पटत नसेल तर सोडून द्या. पल्लव म्हणजे पालवी, तसंच वस्त्राचं टोकही. त्याचाच आपला 'पालव', म्हणजे पदर. आणि जुन्या मराठीत 'पालवणे' म्हणजे हातानं किंवा वस्त्र हलवून जवळ बोलावणे. मला वाटतं, पालव हलवून बोलवायचं म्हणून पालवणे. झाडाला पालवी फुटण्याचंही 'पालवणे' आहे, त्यामुळे हे दोन धातू वेगळे मानणारे आहेत. मानोत बापडे. टोक हललं की दोन्हीकडे तेच होतं. खेडेगावात नदीपलीकडच्या माणसाला उपरणं हलवून बोलावताना ज्यानं पाहिलंय, त्याला मी हे पटवून द्यायची गरज नाही. पुढारीही तेच करतो. गेटावरच्या भाजीवाल्याला उद्देशून तो काही बोलतच नसतो. तो आपल्या माणसांना पालवत असतो.

मुद्दाम की सवयीनं, हे राहिलंच. जुनं उदाहरण घ्या. १९६६ साली शिवसेना निघाली आणि दाक्षिणात्यांविरुद्ध घोषणा घुमली, 'बजाओ पुंगी, हटाओ लुंगी'. भांडण कशावरून होतं? कचेऱ्यांतल्या कारकुनाच्या, टायपिस्टच्या, स्टेनोच्या जागांवरून. फोर्टातल्या कचेरीत लुंगी नेसून टाइप करणारा स्टेनो कोणी पाहिलाय? सगळे पँट-बुशशर्टात. शिवाय 'लुंगी' हा शब्द दक्षिणेचा नव्हेच, तो फारसी 'लुंग'वरून आलेला. तमिळ माणूस नेसतो ती वेष्टी, मल्याळी नेसतो ते मुंडू. म्हणजे ज्या माणसाशी भांडण, कचेरीत त्याच्या अंगावर ते वस्त्र नाही आणि तो शब्द मूळचा त्याच्या भाषेतला नाही. मग लुंगी आली कशी? पुंगीला यमक जुळतं म्हणून, आणि लुंगी म्हटलं की हसू येतं म्हणून. 'यंडुगुंडू' हेही तसंच, कानाला परकं वाटलं त्याची नक्कल. संस्कृतातला 'बर्बर' त्याच टाकसाळीतला. मराठीच्या कैवाराची ही घोषणा चक्क हिंदीत आहे, 'वाजवा', 'हटवा' नव्हे तर 'बजाओ', 'हटाओ', याकडे साठ वर्षांत किती जणांचं लक्ष गेलं कोण जाणे.

यमक सवयीनं जुळत नाही, बसून जुळवावं लागतं. आणि जो वक्ता छठपूजेच्या मांडवात 'उत्तर भारतीय बांधव' म्हणतो आणि आठवड्यानं शाखेच्या चौकात 'भय्ये' म्हणतो, त्याच्या जिभेला सवय लागलीय असं मी कसं मानू? सवयीला मांडव कळत नाही. त्याच्यामागे घोषणा देणाऱ्या पोराची गोष्ट वेगळी. त्याला तो शब्द तयार मिळालेला असतो.

गोव्यात उतरलेल्या आपल्या मंडळींना मात्र हे समजवावं लागत नाही. तिथं घाटावरून आलेला तो 'घाटी' आणि बाहेरून आलेला तो 'भायलो'. घाटी म्हणजे फक्त घाटावरचा, शब्दात शिवी कुठेच नाही. म्हापशाच्या बाजारात मासळीचा भाव करताना मागून तो शब्द ऐकू आला, तेव्हा माझे एक मित्र, 'भय्या म्हणजे भाऊच' म्हणणाऱ्यांतले, कानापर्यंत लाल झाले होते. मी त्यांना घट्ट, घाट, घाटी अशी व्युत्पत्ती सांगायला लागलो तर ते माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत.

आणि हो, प्रश्नात तुम्ही नीट लिहिलंय, पण फलकांवर सर्रास चुकतं : प्रत्यय 'ईय' आहे, म्हणून परप्रांतीयमधला 'ती' दीर्घ. ज्याला हाकलायचंय तो शब्द तरी धड लिहा.