हिवाळ्यात सायकल घरात ट्रेनरवर चालवावी की बाहेर?

फिटनेस टिकवायचा एवढाच हेतू असेल तर कामाच्या दिवशी ट्रेनर (सायकल बसवून जागच्या जागी चालवायचा स्टँड) आणि सुट्टीला बाहेर, असं वाटून घ्या. ट्रेनरवर ना उतार ना सिग्नल, पाय सतत फिरत राहतात, त्यामुळे कमी वेळात जास्त व्यायाम होतो. मी दोन्हीकडे हार्ट रेट मॉनिटर लावून चालवतो: तेवढ्याच वॅटला, म्हणजे पायांनी तेवढाच जोर लावला तरी, घरात ठोके जास्त पडतात. समोरून वारा नसल्यामुळे घाम वाळत नाही आणि अंग तापत जातं. म्हणून कडाक्याच्या थंडीतही ट्रेनरपुढे मोठा पंखा हवाच (घरचे हसतील, हसू द्या). बाहेर नेमकं उलट. 5 अंश तापमानात ताशी 25 किलोमीटर वेगाने निघालात की उघड्या त्वचेला ते शून्याच्या आसपास जाणवतं. आधी बोटं बधिर होतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाही, तेव्हा जाकिटाआधी चांगले हातमोजे घ्या. तरी वळण घेणं, तोल सांभाळणं ट्रेनरवर येत नाही, म्हणून बाहेर जाणं पूर्ण बंद करू नका. मात्र दमा असेल तर थंड, कोरड्या हवेत जोर लावल्याने श्वासनलिका आकसू शकते. अशांनी कडक थंडीत घरातच चालवावी.