‘आमचा असता तर पाठवला असता’: प्रतिपालक कुटुंबातील मुलाचे रोजचे बालपण

प्रतिपालक कुटुंबांशी, म्हणजे दुसऱ्याचे मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांशी, बोलताना एक वाक्य माझ्या कानावर वारंवार पडते: “आमचा स्वतःचा असता तर पाठवला असता हो, पण हा दुसऱ्याचा मुलगा. उद्या काही झालं तर कोणाला तोंड दाखवायचं?” विषय शाळेच्या सहलीचा असेल, मित्राकडे मुक्कामाला जाण्याचा असेल, पोहण्याच्या वर्गाचा किंवा नुसत्या सायकलचा असेल, वाक्य तेच असते, आणि ते म्हणणारी माणसे बहुधा अतिशय जबाबदार आणि जीव लावणारी असतात. त्यांच्या काळजीला ‘घाबरू नका’ एवढे उत्तर पुरत नाही. ठाण्यातील एका कुटुंबाची हकीकत म्हणून येथे थोडी सविस्तर सांगते. ओळख पटू नये यासाठी तपशील बदलले आहेत आणि नावे मुद्दामच दिलेली नाहीत.

हे दांपत्य वर्तकनगर भागात राहते. गृहस्थ एका खासगी कंपनीत भांडारविभाग सांभाळतात, बाई घरी शिवणकाम करतात, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. त्यांच्याकडे आलेला अकरा वर्षांचा मुलगा त्याआधी बालगृहात होता. वडिलांचा ठावठिकाणा नाही, आणि आई दीर्घ आजारातून हळूहळू सावरत दिवा या उपनगरात आपल्या भावाकडे राहते आहे. मुलगा या दोघांना काका-काकी म्हणतो आणि त्यांच्या मुलाला दादा.

ज्यांना या व्यवस्थेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर प्रतिपालकत्व म्हणजे दत्तक नव्हे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार बालकल्याण समिती मुलाला काही काळासाठी एखाद्या निवडलेल्या कुटुंबात ठेवते. शिक्षण, आरोग्य आणि आहार यांची जबाबदारी त्या कुटुंबावर असते, समिती दरमहा पाहणी करते, आणि मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर जन्मदात्या पालकांना त्याला नियमितपणे भेटता येते. ते सांभाळ करण्यास सक्षम झाले आहेत असे समितीला वाटले, की मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकते. ‘मिशन वात्सल्य’ या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेखाली अशा मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य मिळते. या सगळ्याचा हेतू एवढाच, की संस्थेत वाढण्याऐवजी मुलाने घरात वाढावे. हा हेतू मनात पक्का असला, की पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात.

माझ्याकडे येताना या दोघांची तक्रार अशी काही नव्हतीच. उलट काका कौतुकाने सांगत होते, की मुलगा फार समजूतदार आहे, काही म्हणजे काही मागत नाही, सकाळी उठून स्वतःचे अंथरूण घडी घालून कपाटाच्या कडेला ठेवतो आणि दप्तर दाराजवळ उभे करून ठेवतो. काकींना मात्र आतून चैन पडत नव्हते. शाळेची रायगड आणि महाडच्या चवदार तळ्याची एका मुक्कामाची सहल जाणार होती. पालकांच्या सहीचा कागद मुलाने घरी दाखवलाच नव्हता. वर्गशिक्षिकेचा फोन आला तेव्हा तो दप्तराच्या तळाशी, जुन्या वहीत घडी घातलेला सापडला. विचारल्यावर तो म्हणाला, “मला तसंही जायचं नव्हतं.” काकांना सुटल्यासारखे वाटले, कारण गडावर काही झाले तर समितीला काय सांगायचे या विचाराने ते नाहीच म्हणणार होते. त्या रात्री काकींना झोप लागली नाही.

माझ्या मते, काहीच न मागणारे मूल हे समाधानी मूल असतेच असे नाही. ज्या मुलाने एकदा घर सुटण्याचा अनुभव घेतला आहे, त्याला मागणे धोक्याचे वाटू लागते. आपण जितके कमी खर्चाचे आणि कमी त्रासाचे, तितके येथे जास्त दिवस राहू, असे गणित ते मनाशी मांडते. याला आपण मोठी माणसे शहाणपण म्हणतो आणि शाबासकी देतो, त्यामुळे ते गणित मुलाच्या मनात आणखी घट्ट होते.

मुलाशी मी वेगळी बोलले. कॅरम खेळताना मुलांना समोर पाहावे लागत नाही, म्हणून बोलणे सोपे जाते. सहलीविषयी तो फारसे बोलला नाही, परंतु घरात काय आवडते, काय खुपते असे विचारत गेल्यावर स्ट्रायकर नेमका रेषेवर ठेवत तो म्हणाला, “वहीत माझं नाव आहे. दादाचं नाही.” कोणती वही, हे मला नंतर काकांकडून समजले. शासनाचे पैसे येतात, त्यातील एका रुपयाबद्दलही कोणी बोट दाखवू नये म्हणून त्यांनी मुलाच्या नावाची वही घातली होती आणि ती दूरदर्शनसंचाच्या शेजारी ठेवलेली असे. केस कापणे, कंपासपेटी, वडापाव, चपलेचा अंगठा शिवून घेणे, असे सारे तारखेसह त्यात लिहिलेले होते. त्या माणसाच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती आणि आजही नाही. पण अकरा वर्षांच्या मुलाने ती वही उघडून वाचली होती, आणि आपण खाल्लेला वडापाव लिहिला जातो, दादाने खाल्लेला लिहिला जात नाही, एवढेच त्याला त्यातून कळले होते. त्यानंतर त्याने शाळेतून येताना काही खाण्यासाठी पैसे मागितले नव्हते.

हे ऐकल्यावर काका बराच वेळ गप्प होते. हिशेब ठेवणे योग्यच आहे, तो सोडू नका, पण वही कपाटात ठेवा आणि रोजच्या खाण्यापिण्याची नोंद एकत्र घरखर्चात करा, एवढेच मी सुचवले. त्याखेरीज दादाला त्या वयात मिळत असे तसा आठवड्याचा खाऊचा पैसा मुलाला द्यावा आणि त्याचा हिशेब विचारू नये, हेही ठरले.

मग मूळ भीतीकडे वळलो. गेल्या काही महिन्यांत मुलाला ज्या-ज्या गोष्टींना नाही म्हटले किंवा ‘बघू’ म्हटले, त्या आठवून लिहायला मी दोघांना सांगितले. कागद भरला: सायकल, मित्राच्या वाढदिवसाला रात्री तिथेच राहणे, उपवन तलावाकाठी मित्रांबरोबर फिरायला जाणे, टीएमटीच्या (ठाणे महापालिकेच्या) बसने एकट्याने क्लासला जाणे, केस हवे तसे कापणे, दहीहंडीच्या पथकाचा सराव, पावसात खेळणे, नात्यातील लग्नासाठी कोल्हापूरला नेणे. प्रत्येकासमोर मी एकच प्रश्न विचारला: तुमचा मुलगा अकरा वर्षांचा होता तेव्हा तुम्ही काय केले असते? दहीहंडीला त्यालाही थरावर चढू दिले नसते, आणि तसेही चौदा वर्षांखालील मुलांना थरात घेण्यास बंदी आहे. तेव्हा ते ‘नाही’ योग्य होते, आणि मुलाला तसे कारण देऊन सांगता येत होते. सायकल मात्र दादाला आठव्या वर्षीच मिळाली होती. बसने तो पाचवीपासून एकटा जात असे. पावसात खेळण्याला तर घरात कधी कोणी परवानगीच मागितली नव्हती. कागद पूर्ण झाला तेव्हा दोघांच्याही लक्षात आले, की जपण्याच्या नावाखाली या मुलाला आपण घरातल्या रीतीबाहेर ठेवले आहे.

उरलेल्या गोष्टींसाठी अंदाज बांधण्यापेक्षा विचारणे चांगले. सहली आणि कोल्हापूर यांबद्दल काकांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षातील अधिकाऱ्यांना फोन केला. त्यांचे उत्तर सरळ होते: शाळेची सहल आहे, तारखा व ठिकाण लेखी कळवा, समितीच्या आदेशाची प्रत आणि मुलाच्या औषधांची माहिती वर्गशिक्षिकेकडे द्या, आणि पाठवा. लग्नालाही कळवून नेता येईल. मात्र घर बदलायचे असेल, परदेशी न्यायचे असेल किंवा ठरवून शस्त्रक्रिया करायची असेल, तर समितीच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल उचलू नये. इतर कुटुंबांना माझे सांगणे असे, की आपल्या अधिकाऱ्यांकडून अशी उत्तरे मूल घरी आल्यावर लगेचच लेखी घेऊन ठेवावीत. सहीचा कागद समोर आल्यावर धावपळ सुरू झाली, की बहुतेक वेळा ‘राहू दे या वर्षी’ असेच होते, आणि वर्गातील बाकीची मुले पुढे महिनाभर सहलीच्या गोष्टी सांगत असतात.

ही अडचण आपल्याकडचीच आहे असे नाही. अमेरिकेत अशा मुलांना मैत्रिणीकडे रात्री राहण्यासाठीसुद्धा कचेरीच्या मंजुरीची वाट पाहावी लागत असे, म्हणून तेथे २०१४ मध्ये कायदा करून सांभाळ करणाऱ्यांना या बाबतीत अधिकार देण्यात आले: समंजस आणि सावध पालक जसा निर्णय घेईल तसा त्यांनी घ्यावा, खेळ, सहल आणि मुक्काम यांबाबतही. आपल्या २०१५ च्या अधिनियमातही मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचा हक्क मूलभूत तत्त्वांमध्ये आहे. तो फक्त समितीपुढच्या सुनावणीपुरता नसावा. केस कसे कापायचे, हेही त्यात आले पाहिजे.

केसांचा प्रश्न मात्र काका-काकींनी आधी मुलाच्या आईला विचारला, आणि ते मला फार योग्य वाटले. आईला आपल्या मुलाबद्दल काहीतरी ठरवता आले. भेटीच्या दिवशी सामाईक पटांगणावर क्रिकेटचा सामना असेल तर भेटीची वेळ थोडी पुढे घ्यावी, हेही तिनेच सुचवले. भेटीनंतर मुलगा गप्प होतो, कधी चिडतो. त्याबद्दल खेळणे बंद करण्याची शिक्षा देऊ नये, कारण तो आईची आठवण काढल्याचा दंड आहे असे त्याला वाटेल.

एक गोष्ट लोकांना ऐकायला विचित्र वाटते, पण मी आग्रहाने सांगते: अशा मुलांना घरातले काम द्या. “परक्याच्या पोराला राबवून घेतात” असे शेजारी म्हणतील या भीतीने काकी त्याला ताट उचलू देत नसत. घरात ज्याला काही करावे लागत नाही तो पाहुणा असतो. दादाला जसे भाजी आणायला पाठवत, तसे यालाही पाठवू लागले. शंभराची नोट घेऊन कोथिंबीर आणि लिंबे आणायची, उरलेले पैसे काकीच्या हातात द्यायचे. पहिल्याच खेपेला त्याने कोथिंबिरीऐवजी शेपू आणला आणि काकी त्याला नेहमीच्या आवाजात ओरडल्या. त्यांना नंतर वाईट वाटले. मला वाटले नाही. शारीरिक शिक्षा आणि परत पाठवण्याची धमकी या दोन गोष्टी मात्र पूर्णपणे वर्ज्य आहेत. “असं वागलास तर संस्थेत जाशील” हे वाक्य गमतीतही उच्चारू नये.

सोसायटीतील मुले ‘हा तुमचा कोण’ असे विचारतात तेव्हा ‘गावाकडचा भाचा’ असे सांगून वेळ मारून नेण्याकडे कल असतो. काय सांगायचे ते मुलालाच ठरवू द्यावे. याने ठरवले, “मी इथे राहतो,” आणि तेवढे पुरले. त्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर त्याच्या परिस्थितीच्या उल्लेखासह टाकू नयेत. वर्गाच्या छायाचित्रात मात्र तो सगळ्यांबरोबर उभा राहिलाच पाहिजे.

सहल झाली. परत येताना पाण्याची बाटली हरवली, गुडघा खरचटला, आणि रोपवेमध्ये बसायला मिळाले नाही म्हणून तो दोन दिवस कुरकुरत होता. पुढच्या महिन्यात काकींचा काळजीचा फोन आला, की मुलगा उलट बोलू लागला आहे, अभ्यासाला बस म्हटले की ‘दादाला नाही सांगत तुम्ही’ असे म्हणतो. बोलण्याची पातळी राखायला जरूर शिकवा, असे मी म्हणाले, परंतु या घरात भांडता येते एवढा विश्वास त्याला वाटू लागला आहे, हेही त्यांना सांगितले. काकांनी त्याच आठवड्यात जुनी सायकल दुरुस्त करून घेतली होती.

त्या सायकलीवरून एक प्रश्न आला, जो पुष्कळ कुटुंबांना पडतो. आई आणखी बरी झाली आणि समितीने मुलाला तिच्याकडे पाठवायचे ठरवले, तर सायकलीचे काय? ती दादाची होती. आम्ही ठरवले, की आताच, काही कारण नसताना, त्याला सांगावे: ही तुझी आहे, आणि तू जिथे राहशील तिथे ती तुझ्याबरोबर येईल. त्याचे कपडे, प्रगतिपुस्तक, सहलीची छायाचित्रे यांसाठीही त्याच्या नावाचा एक खण मोकळा करून दिला आहे. पोहण्याच्या वर्गाचा अर्ज सध्या घरात आहे; या वेळी तो मुलाने स्वतः आणून काकांपुढे ठेवला, आणि वैद्यकीय प्रमाणपत्र मिळाले की उन्हाळी तुकडीत त्याचे नाव घालायचे ठरले आहे.