हाय प्रोटीन डाएटवर रोज किती फॅट-फ्री दूध, दही आणि पनीर खाल्लेलं चालतं?

तुम्ही लिहिलंय की वजन ७८ किलो, पक्के शाकाहारी, अंडं पण नाही, जिमच्या ट्रेनरनं १५० ग्रॅम प्रोटीन सांगितलं म्हणून रोज एक लिटर स्किम दूध, किलोभर फॅट-फ्री दही आणि २०० ग्रॅम लो फॅट पनीर चालू आहे, आता पोट फुगून राहिलंय आणि घरचे म्हणतात किडनी जाईल. तर सरळ उत्तर आधी देऊन टाकते, याच्या निम्मं करा. दूध, दही, पनीर सगळं मिळून ५०-५५ ग्रॅम प्रोटीन येईल एवढं पुरे, बाकीचं डाळ, सोयाबीन, चण्यातून येऊ द्या. आता काऊन ते सांगते, थोडं लांबेल.

मी डॉक्टर नाही, डाएटिशियन पण नाही. पुसदकडच्या वरूडला डेअरी टेक्नॉलॉजी शिकली आणि इथं नागपूरलाच दूध तपासायच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे दुधात काय असतं आणि काय काढलं की काय उरतं एवढं मला पक्कं माहीत आहे. आमच्या घरी पण एक जिमवाला आहे, माझा धाकटा भाऊ, त्यानं फ्रिजचा एक अख्खा कप्पा दह्यानं भरून ठेवला होता तेव्हा हाच हिशोब त्याच्यासमोर बसून केला होता.

तुमचाच हिशोब मांडू. स्किम दुधात १०० मिलीला साधारण ३.४ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे लिटरला ३४. स्किम दुधाचं दही किलोभर, त्यात ३५ ते ४०. लो फॅट पनीरात १०० ग्रॅमला २५ धरा (पाकिटावर पाहा, कमीजास्त असतं), म्हणजे ५०. झाले १२० च्या वर, नुसत्या डेअरीतून. आणि तुम्ही पोळ्या, भात, वरण खाताच ना? सहा पोळ्यांच्या कणकेतून १५-१७ ग्रॅम येतात, वाटी-दोन वाटी घट्ट वरणातून १२-१४, सकाळच्या पोह्यांवरच्या चण्यातून आणखी थोडे. हे कोणी मोजतच नाही. म्हणजे ट्रेनरचा आकडा तर तुम्ही कधीच गाठून बसले आणि वरून प्रोटीन पावडरचा स्कूप पण घेत असाल तर विचारूच नका.

आता तो १५० चा आकडा. आयसीएमआर-एनआयएन म्हणजे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, तिच्या हिशोबानं साध्या धडधाकट माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं, तुमच्यासाठी ६५ झाले. वजनं उचलणाऱ्याला जास्त लागतं हे खरं, पण साधारण १.६ ग्रॅम किलोमागे गेलं की त्याच्यापुढे स्नायू वाढण्यात फारसा फरक पडत नाही असंच बहुतेक अभ्यासांचं म्हणणं आहे, तो आकडा तुमच्यासाठी १२५ येतो. ९५ ते १२५ च्या मध्ये कुठंही राहा, १५० नी नुकसानच होईल असं नाही म्हणत मी, पण त्या वरच्या २५ साठी पोटाचा ढोल कायले करून घ्यायचा.

पोट फुगण्याचं कारण प्रोटीन नाही बहुतेक, दुधातली साखर आहे, लॅक्टोज. फॅट काढल्यानं लॅक्टोज जात नाही, लिटरभर स्किम दुधात ते जवळपास ५० ग्रॅम असतंच, किलोभर दह्यात विरजणानं थोडं खाल्लं तरी आणखी ३५-४० उरतं. आपल्याकडे मोठेपणी लॅक्टोज नीट न पचणारे लोक भरपूर आहेत, अशांना पण एका वेळी कपभर दूध म्हणजे १२ ग्रॅमपर्यंत सहसा निभतं, पण तुम्ही जिमहून आल्यावर अर्धा लिटर एका दमात ढोसता म्हणजे २५ ग्रॅम एकदम. दूध दोन-तीन वेळा विभागून जेवणासोबत घ्या, आठवड्याभरात फरक कळेल, आणि नाहीच कळला तर दूध बंद करून फक्त चक्का-पनीरवर राहून पाहा.

दुसरी गोष्ट कॅल्शियम, जिच्याकडे कोणीच पाहत नाही. दुधात १०० मिलीला १२० मिलिग्रॅमच्या आसपास. लिटर दूध १,२००, किलो दही तेवढंच, २०० ग्रॅम पनीर ८००-९००. बेरीज ३,००० च्या पार. मोठ्या माणसाची रोजची गरज १,००० आणि वरची मर्यादा २,५०० धरतात. एखाद दिवशी झालं तर काही होत नाही, पण रोज महिनोन्‌महिने एवढं, त्यावर ट्रेनरनं सांगितलेली कॅल्शियमची गोळी, हे काही बरं नाही. उलट मुतखड्याच्या भीतीनं दूध-दही पूर्ण सोडणारे पण मी पाहिलेत, ते पण चूकच, कारण जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला (पालकासारख्या भाज्यांतून येणारा, खडे करणारा घटक) आतड्यातच धरून बाहेर नेतं आणि ते फार कमी झालं तर ऑक्झलेटचे खडे वाढू शकतात. आपल्या इथं खड्याचं मोठं कारण पाणी कमी पिणं, मे महिन्यात पारा ४५ ला जातो आणि लोक दिवसभर चहावर काढतात.

तर मग घ्यायचं कसं. माझं मत विचाराल तर सगळ्यात कामाची वस्तू चक्का आहे, आपला श्रीखंडाचाच, साखर न घातलेला. दुकानात ग्रीक योगर्ट म्हणून छोट्या डब्यात मिळतं ते जवळपास हेच. स्किम दुधाचं दही फडक्यात टांगलं की किलोचा ३५०-४०० ग्रॅम चक्का उरतो आणि त्यात १०० ग्रॅमला ९-१० ग्रॅम प्रोटीन बसतं, म्हणजे दह्याच्या अडीचपट. आणि यातली गंमत अशी की दही आंबट होताना दुधातलं कॅल्शियम प्रोटीनपासून सुटून पाण्यात उतरतं, म्हणून टांगल्यावर जे पिवळसर पाणी गळतं ना त्यात कॅल्शियम पण बरंच जातं आणि लॅक्टोज पण. चक्क्यात प्रोटीन वाढलं पण कॅल्शियम मात्र १०० ग्रॅमला ११०-१२० च्या आसपासच राहिलं. ज्याला फक्त कॅल्शियमसाठी दूध पाहिजे त्याच्यासाठी हे नुकसान, तुमच्यासारख्याला ज्याच्याकडे या दोन्ही गोष्टी उतू चालल्या आहेत त्याला हेच पाहिजे. ते पाणी फेकू नका, घरच्यांच्या कणकेत जाऊ द्या.

करताना एवढं पाहा, दूध नुसतं कोमट करून विरजण लावू नका, चांगलं उकळून पाच-दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा आणि मग निववा, दुधात केसीन आणि व्हे अशी दोन प्रकारची प्रोटीन असतात, तापल्यानं व्हे केसीनला चिकटतं आणि पाण्यात वाहून जात नाही, दही पण घट्ट लागतं. हलवत राहा, स्किम दूध तळाला फार लवकर लागतं. घट्टपणासाठी लिटरला दोन-तीन चमचे स्किम मिल्क पावडर घातली तर चालते, तिच्यात ३५ टक्के प्रोटीन असतं पण ५० टक्के लॅक्टोज पण असतं, म्हणून डब्यातून चमच्यानं खात सुटू नका. आणि फडकं फ्रिजमध्येच टांगा बाप्पा, चाळणीत ठेवून खाली गंज म्हणजे पातेलं ठेवलं की झालं. उन्हाळ्यात ओट्यावर टांगलेलं दही संध्याकाळपर्यंत तोंडात घालवत नाही.

आता फॅट-फ्रीचं वेड. कायद्यानं स्किम दुधात फॅट जास्तीत जास्त ०.५ टक्का, डबल टोन्डमध्ये कमीत कमी १.५, टोन्डमध्ये ३, फुल क्रीममध्ये ६. नागपुरात स्किम बहुतेक टेट्रा पॅकमध्येच मिळतं आणि महाग पडतं, डबल टोन्डची पिशवी तुलनेनं सहज मिळते. अर्धा लिटर डबल टोन्डमध्ये फॅट किती, साडेसात ग्रॅम, म्हणजे दीड चमचा तूप. त्यासाठी गावभर फिरायची गरज नाही. फॅट-फ्रीचा खरा फायदा तिथं होतो जिथं पदार्थ जास्त प्रमाणात खायचा आहे किंवा मूळचा फारच फॅटवाला आहे, म्हणजे पनीर आणि चक्का. साध्या पनीरात १८-२० ग्रॅम प्रोटीनसोबत २०-२५ ग्रॅम फॅट येतं, तिथं लो फॅट घेण्यात अर्थ आहे. १०० मिली दूध चहात टाकायला फॅट-फ्री शोधण्यात नाही.

बरेच जण म्हणतात आम्ही गोठ्यावरून म्हशीचं दूध आणतो, तापवून साय काढतो, झालं फॅट-फ्री. नाही होत. म्हशीच्या दुधात फॅट ६-७ टक्के, हातानं साय काढली तरी बरंच खाली राहतंच, ते पूर्ण काढायला सेपरेटर मशीन लागतं जे दूध गरागरा फिरवून मलई वेगळी करतं. आणि लॅक्टोमीटर (दूध किती जड ते दाखवणारी काचेची नळी) बुडवून दूध अस्सल आहे म्हणणाऱ्यांचं तर काही ऐकूच नका, फॅट हलकं असतं, ते काढलं की दूध जड होतं, त्यात पाणी घातलं की परत हलकं होतं आणि आकडा बरोब्बर जागेवर येतो. हे विषयाबाहेर गेलं पण रोज पाहते म्हणून राहवत नाही.

पनीर मात्र सुटं, स्वस्त आणि अंगावर लो फॅट लिहिलेलं असं घेऊ नका. बाजारात पाम तेल, स्टार्च घालून केलेलं ॲनालॉग पनीर फिरून राहिलंय, दिसायला पांढरंशुभ्र आणि प्रोटीनच्या नावानं बोंब. तुकडा उकळून गार करून त्यावर आयोडीनचे दोन थेंब टाका, निळं-काळं झालं तर स्टार्च आहे. नाही झालं तरी तेल असू शकतं, ते घरी कळत नाही, म्हणून सरळ घरीच करा, डबल टोन्ड दूध लिंबानं फाडून. थोडं रबरी होतं, पण भुर्जीत कळत नाही.

फ्लेवरवाल्या फॅट-फ्री दह्याबद्दल एकच, मागची बाजू वाचा. फॅट काढलं की चव जाते आणि ती साखरेनं भरून काढतात.

तर दिवसाचा हिशोब असा काहीतरी बसेल. अर्धा लिटर स्किम किंवा डबल टोन्ड दूध दोनदा विभागून, त्याचे १७ ग्रॅम. चक्का १५० ग्रॅम, तिखट-मीठ, जिरेपूड, काकडी घालून, त्याचे १४. पनीर ८०-१०० ग्रॅम, त्याचे २०-२५. झाले ५० च्या वर आणि कॅल्शियम बाराशेच्या आसपास, एकदम ठीक. मग ५० ग्रॅम कोरड्या सोया वड्या, यात अर्ध्याहून जास्त प्रोटीनच असतं, २६ धरा. डाळ ६० ग्रॅम, १४. मूठ-दोन मूठ फुटाणे, ५० ग्रॅमचे १०. पोळ्यांचे १५-१७. बेरीज ११५-१२० वर जाते, पावडरच्या डब्याशिवाय. तर्री पोहे सोडायला सांगत नाही मी, नागपुरात राहून ते कोणी ऐकणार पण नाही, फक्त ठेल्यावर सांगा की चणे जास्त टाक भाऊ आणि वरचं तेल राहू दे.

डाळ-सोयाकडे वळवायचं आणखी एक कारण लोह. दुधात लोह जवळपास नाहीच, आणि दुधाचं कॅल्शियम बाकीच्या जेवणातलं लोह पण थोडं अडवतं. म्हणून सोया किंवा उसळीच्या जेवणात दह्याची मोठी वाटी नको, ते मधल्या वेळेला खा, आणि सीझन असेल तर जेवणासोबत संत्रं खा, आपल्याकडे काही कमी नाही, त्यातलं व्हिटॅमिन सी लोह शोषायला मदत करतं. बी१२ मात्र तुम्हाला दुधातूनच मिळणार, ते फॅट काढल्यावर पण दुधातच राहतं, म्हणून डेअरी पूर्ण बंद पण करू नका. फॅटसोबत जातं ते व्हिटॅमिन ए आणि डी, त्यासाठी पिशवीवर निळं +एफचं चिन्ह पाहून घ्या, ती वरून घातलेली असतात. आणि दिवसभराचं फॅट शून्यावर आणायच्या मागे लागू नका, झपाट्यानं वजन उतरवताना फॅट फारच कमी ठेवलं तर पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते. पोळीवर चमचाभर तूप आणि जेवताना जवसाची चटणी असू द्या.

राहिला किडनीचा प्रश्न. धडधाकट किडनीला किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंतच्या प्रोटीननं इजा होते असं काही दिसलेलं नाही, घरच्यांना सांगा. पण आपली किडनी धडधाकट आहे हे ठरवायचं कसं, नुसतं वाटण्यावर नाही ना, म्हणून एकदा क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी), लघवीतलं प्रोटीन, बीपी आणि शुगर तपासून घ्या, बी१२ आणि डी पण सोबत करून टाका. क्रिएटिन ही जिमवाल्यांची पावडर घेत असाल तर लॅबवाल्याला किंवा डॉक्टरला आधी सांगा, त्यानं क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दिसतो आणि उगाच घाबरगुंडी उडते. रिपोर्टमध्ये काही निघालं तर मात्र वरचा सगळा हिशोब बाजूला ठेवायचा, किडनीच्या आजारात प्रोटीन आणि दुधातलं फॉस्फरस दोन्ही मोजूनमापून द्यावं लागतं आणि ते नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे किडनीचा डॉक्टरच ठरवतो, ट्रेनर नाही आणि मी पण नाही.