कल्चर मीडियम: ‘पोषणद्रव’ की ‘संवर्धन-माध्यम’?

गोव्यातल्या फोंड्याच्या एका शिक्षिकेला जीवतंत्रज्ञानावर मराठीत व्याख्यान द्यायचं आहे. त्यातला एक भाग आहे ‘मानवी हायब्रिडोमा पेशींच्या प्रतिपिंड-निर्मितीवर कल्चर मीडियमचा परिणाम’. (कल्चर मीडियम म्हणजे शरीराबाहेर पेशी ज्यात वाढवतात तो द्रव, आणि प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी.) त्या विचारतात, ‘माध्यम’ म्हटलं की मुलांना शाळेचं माध्यमच आठवतं, मग ‘पोषणद्रव’ म्हणू का?

अडचण खरी आहे. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि माध्यमप्रश्न गोव्यात घरोघरी पोचला. तरीही मी ‘संवर्धन-माध्यम’च सुचवीन. ‘पोषणद्रव’ कानाला गोड आहे, पण पोषण हे या द्रवाचं एकच काम.

हायब्रिडोमा म्हणजे प्रतिपिंड बनवणारी बी-पेशी आणि मायलोमा ही कर्करोगी पेशी यांचा संकर. कोलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ साली उंदरांच्या पेशींवर तो साधला. मानवी पेशींचा पुढे झाला. संकरानंतर पेशी ‘हॅट’ (हायपोझँथिन, अमिनोप्टेरिन, थायमिडीन असलेल्या) माध्यमात ठेवतात. त्यातल्या अमिनोप्टेरिनमुळे संकर न झालेल्या मायलोमा पेशी मरतात. (एकट्या बी-पेशी तशाही फार दिवस जगत नाहीत.) निवडून मारणाऱ्या द्रवाला नुसतं ‘पोषण’ कसं म्हणावं?

पुढेही तेच. ग्लुटामिन पेशींना हवंच, पण त्यातून साठणारा अमोनिया त्यांना बाधतो. वासराच्या भ्रूणाचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) घातलं की पेशी जोमाने वाढतात. मात्र त्यातली गाईची प्रतिपिंडं शुद्धीकरणात आड येतात. म्हणून इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, इथेनॉलमाइन, सेलेनियम घातलेली सीरमविरहित माध्यमं आली.

सगळ्यात लक्षवेधी गोष्ट अशी की माध्यमातलं मीठ वाढवलं तर काही हायब्रिडोमांची वाढ मंदावते, पण प्रत्येक पेशी आधीपेक्षा जास्त प्रतिपिंडं बनवते. पेशीच कमी झाल्याने एकूण उत्पादन वाढेलच असं नाही. तेव्हा बाई, व्याख्यानात ‘उत्पादन वाढलं’ एवढ्यावर थांबू नका. ‘दर पेशीमागे’ की ‘एकूण’, हे दरवेळी सांगा. इथे मराठीत बरीच ढिलाई होते आणि ऐकणारा चुकीचं समजून जातो. शिवाय मानवी हायब्रिडोमा बऱ्याचदा अस्थिर असतात, गुणसूत्रं गमावतात. निर्मिती घटली तर दोष माध्यमाचाच असेल असं नाही.

‘संवर्धन’ आपल्याला पशुसंवर्धन खात्यामुळे ओळखीचं आहे: जोपासून वाढवणं. तो शब्द ‘माध्यम’च्या आधी जोडला की शाळा आपोआप बाजूला होते. अनेकवचन ‘संवर्धन-माध्यमं’ करा. ‘मीडिया’ लिहिलंत तर वर्तमानपत्रं आणि वाहिन्या आठवतील. सुरुवातीला एकदा ‘कल्चर मीडियम म्हणजे संवर्धन-माध्यम’ असं सांगून टाका. पुढे नुसतं ‘माध्यम’ म्हटलं तरी मुलांना कळेल.