तापणारा गिअरबॉक्स आणि दोन लाखांची ठेव

कन्नड तालुक्यातल्या एका आले उत्पादक वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"सर, माझ्याकडे २०१२ ची डिझेल, फोर बाय फोर, ऑटोमॅटिक गाडी आहे. २०१९ मध्ये सेकंडहँड घेतली, आता १ लाख ६४ हजार किलोमीटर झालेत. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला क्लच दाबवत नाही, म्हणून ऑटोमॅटिकच लागते. दोन उन्हाळ्यांपासून शेतरस्त्याला आणि चाळीसगावच्या घाटात गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागतो. वीस मिनिटं उभी केली की विझतो. संभाजीनगरच्या गॅरेजने गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करायचे १ लाख ८५ हजार सांगितले. भंगारातला जुना गिअरबॉक्स ९० हजारांत बसतो, पण गॅरंटी नाही. नुसतं ऑइल-फिल्टर १४ हजार आणि बाहेरून वेगळा ऑइल कूलर १८ हजार. मिस्त्री म्हणतो, एवढ्यानं भागायचं नाही. एक जण गाडी आहे तशी ३ लाख २० हजारांना मागतोय. तापत नसती तर सव्वाचार दिले असते म्हणाला. बँकेत २ लाखांची एफडी आहे, मुलीच्या जूनमधल्या फीसाठी ठेवलेली. ती मोडून दुरुस्ती करू, की गाडी विकून १५ लाखांचं कर्ज काढून नवी घेऊ? मेव्हणे म्हणतात पीककर्जातून भागव. मिसेस म्हणतात, विका एकदाची. गाडीचे फोटो जोडलेत."

दादा, आज यातलं काहीच करू नका. एफडी मोडू नका, कर्ज काढू नका आणि त्या ग्राहकाला होही म्हणू नका. आठवडाभराची मुदत मागून घ्या.

तुमचा दुसरा फोटो मी मोठा करून पाहिला, बंपरच्या आतून काढलेला. एसीच्या कंडेन्सरच्या जाळीत कुसळं अडकलेली आहेत आणि खालच्या निम्म्या भागावर काळ्या मातीचा वाळलेला लेप आहे. पावसाळ्यात शेतरस्त्याने उडालेला चिखल तिथेच सुकला असणार. त्या कंडेन्सरच्या मागे रेडिएटर, आणि तुमच्या गिअरबॉक्सचं ऑइल थंड होतं ते याच वाटेने येणाऱ्या हवेवर. ही वाट बुजली असेल तर १ लाख ८५ हजारांचा नवाकोरा ओव्हरहॉलसुद्धा मे महिन्यात त्याच घाटात, त्याच वळणावर दिवा लावेल.

दुरुस्तीचं बिल गिअरबॉक्सच्या नावाने येतंय, पण दुखणं उष्णतेचं आहे. उष्णता कुठून येते आणि बाहेर का पडत नाही, हे कळल्याशिवाय गिअरबॉक्सवर एक रुपया घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मी ठामपणे सांगतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी जालन्याकडच्या एका मोसंबी बागायतदारांनी अशाच गाडीसाठी ठेव मोडू का म्हणून विचारलं होतं. मी आकडे पाहिले, गाडीची गरज पाहिली आणि हो म्हटलं. ओव्हरहॉल झाला, तीन महिने गाडी छान चालली आणि एप्रिलमध्ये गिअरबॉक्स पुन्हा जळाला. रेडिएटरच्या आतला ऑइलचा कूलर गाळाने तुंबलेला होता आणि तो कोणी उघडून पाहिलाच नव्हता. त्यांची ठेव गेली ती गेलीच. तेव्हापासून गाडीचा प्रश्न आला की मी आधी गाडी समजून घेतो आणि मग पैशाकडे वळतो.

म्हणून आधी गाडीचं. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून पुढे जाते. हायवेला ठरावीक वेगाला कन्व्हर्टर आतून लॉक होतो आणि घुसळण थांबते. घाटात ट्रकच्या मागे रांगताना किंवा नांगरटीच्या बाजूने मऊ रानातून जाताना तो लॉक होत नाही. इंजिन जोर लावतं, चाकं हळू फिरतात आणि मधला फरक सगळा ऑइलमध्ये उष्णता होऊन उतरतो. त्यात बाहेर ४२-४३ अंश. हे ऑइल साधारण ८० ते ९५ अंशांत सुखात असतं. १२० च्या पुढे ते खराब व्हायला लागतं, आणि तिथून दर दहा अंशांना आयुष्य निम्मं, असा मेकॅनिक लोकांचा ठोकताळा आहे. तुमचा दिवा हायवेला कधीच लागत नाही, फक्त घाटात आणि शेतात लागतो. गिअरबॉक्स आतून संपलेला असता तर सपाट रस्त्यालाही गाडीने त्रास दिला असता. मला आशा वाटते ती यामुळे.

फोर लो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर, कधी लावता का, हे पत्रात नाही. आपल्याकडे बहुतेक मालक तो लिव्हर गाडी रुतल्यावरच आठवतात. शेतरस्त्याला, मऊ मातीत, चढावर फोर लो लावा. चाकांना जोर मिळतो, इंजिन मोकळं फिरतं आणि कन्व्हर्टरमधली घुसळण खूप कमी होते. याला खर्च शून्य. डांबरी रस्त्यावर मात्र लावू नका, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागावर, म्हणजे ट्रान्सफर केसवर, ताण येतो. घाटातही ड्राइव्हला सोडून न देता गिअर दोन किंवा तीनवर धरून ठेवा, म्हणजे सारखी वर-खाली गिअरबदल होत नाही.

आता पैसे कसे सोडायचे ते. सगळी रक्कम एकदम नाही, एकेक पायरी पाहून.

पहिली पायरी दोन-तीन हजारांची. बंपर उतरवून कंडेन्सर आणि रेडिएटर वेगळे करून साफ करा. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारायचं, साध्या पाइपने. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने जाळीची पाती वाकतात आणि वाट अजून बंद होते. फॅन गरम इंजिनावर जोरात ओढतो का ते पाहायला सांगा. शिवाय गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा हजार-दीड हजारांचा एक छोटा ओबीडी स्कॅनर मिळतो, तो लावला की काही गाड्यांत गिअरबॉक्स ऑइलचं तापमान मोबाइलवर दिसतं. दिवा लागेपर्यंत थांबणं म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणं. सफाईनंतर तोच घाट, तीच दुपारची वेळ, आणि आकडा वहीत लिहा.

त्याच दिवशी गाडी गरम असताना, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये ऑइलची डिपस्टिक काढा. डिपस्टिक नसेल तर मिस्त्रीला खालच्या प्लगमधून थोडं काढून द्यायला सांगा. एक थेंब पांढऱ्या कागदावर सोडा आणि पाच मिनिटं थांबा. लालसर पसरला तर उत्तम. काळ्या चहासारखा तपकिरी दिसला आणि करपलेला वास आला तर ऑइल संपलंय, बदलायला हवं. गुलाबी, दुधाळ दिसला तर गाडी तिथेच उभी करा, कारण मग रेडिएटर आतून फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये जातंय आणि असं प्रत्येक किलोमीटर महागात पडतं.

दुसरी पायरी ऑइल, फिल्टर आणि कूलरची, ३२ हजार. मिस्त्री म्हणतो एवढ्यानं भागणार नाही, आणि त्याचं म्हणणं खरंही ठरू शकतं. पण वेगळा कूलर तुम्हाला ओव्हरहॉल केला तरी लागणारच आहे, त्यामुळे ते १८ हजार वाया जात नाहीत. जोखीम आहे ती ऑइलच्या १४ हजारांची. जुनाट ऑइल बदलल्यावर झिजलेला गिअरबॉक्स जास्तच घसरायला लागतो, अशी मिस्त्री मंडळींत भीती असते. आधीच घसरणाऱ्या गिअरबॉक्सच्या बाबतीत ती अगदी खोटी नाही. तुमचा थंड असताना घसरतो का? आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, चढतात आणि गाडी जागची हलत नाही, असं होतं का? तुम्ही तसं लिहिलेलं नाही. होत नसेल तर १४ हजारांची जोखीम मी घेईन. एकदा ऑइल काढल्यावर सगळं बाहेर येत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काही दिवस चालवून पुन्हा बदलावं लागेल, ते दर आधीच ठरवून घ्या.

एकूण ३५ हजारांच्या आसपास, आणि दुसऱ्यांदाचं ऑइल धरून माझी वरची मर्यादा ५० हजार. त्याच्या पुढे या गाडीवर खर्च नको. कारण साधं आहे. ग्राहकाच्याच तोंडचे आकडे धरले तर चांगल्या आणि तापणाऱ्या गाडीत फरक १ लाख ५ हजारांचा. ओव्हरहॉलवर तुम्ही १ लाख ८५ हजार घालता, म्हणजे दुसऱ्याच दिवशी ८० हजार अंगावर. ते तीन-चार वर्षं गाडी वापरूनच वसूल होतील. पण २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतात. आरसीचं नूतनीकरण करावं लागेल, त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीला ५,००० रुपये, वर फिटनेस आणि पर्यावरण कर. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आपल्याकडे बंदी नाही, त्यामुळे गाडी चालवता येईल. भाव मात्र ती तारीख जवळ येईल तसा उतरेल. भंगारातल्या गिअरबॉक्सचा तर विचारच सोडा. गॅरंटी नसलेल्या वस्तूला ९० हजार देणं म्हणजे कोणाच्या तरी जळालेल्या गाडीचं दुखणं विकत घेणं.

पत्राच्या शेवटी मुलगा इन्शुरन्स क्लेमचं म्हणतोय, असंही लिहिलंय. मिळणार नाही. आपल्याकडच्या मोटर पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज स्पष्ट वगळलेली असते, मग तिला एजंट फुल इन्शुरन्स म्हणो की आणखी काही.

नव्या गाडीचं गणित मी मुद्दाम मांडतो, कारण वहिनींचा कल तिकडे दिसतो आणि रोजच्या मनस्तापापोटी तो समजण्यासारखा आहे. १५ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज आणि सात वर्षं धरली तर हप्ता साधारण २४,५०० रुपये. सात वर्षांत व्याजच साडेपाच लाखांच्या वर. शोरूमची किंमत १५ लाख असेल तर महाराष्ट्रात डिझेल गाडीला १४ टक्क्यांनी वाहन कर २ लाख १० हजार, म्हणजे तुम्हाला जड वाटणाऱ्या ओव्हरहॉलपेक्षा जास्त रक्कम पहिल्याच दिवशी आरटीओत. आणि तुमचं उत्पन्न आल्याचं. २०२३ मध्ये आल्याने हात दिला, नंतर भाव कसे पडले ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. पैसा वर्षातून एकदा येणार आणि हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जाणार. कुठून? मला तुमच्या पत्रात याचं उत्तर सापडलं नाही, आणि तुमच्याकडेही नसेल तर नवी गाडी आत्ता नको.

मेव्हण्यांचा सल्ला मात्र बिलकुल ऐकू नका. पीककर्ज ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी मिळतं आणि वेळेवर फेडलं तर त्याहूनही कमी पडतं, म्हणून ते स्वस्त वाटतं. पण ते पैसे गिअरबॉक्समध्ये गेले तर बेणं, खत, मजुरी कशातून? मग सावकार किंवा खत दुकानाची उधारी. फेड लांबली की व्याजाची सवलतही जाते. गाडीच्या दुखण्यापायी पीक अडचणीत आणू नका.

३५ हजार हाताशी नसतील तर एफडी न मोडता तिच्यावर कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट घ्या. बहुतेक बँका ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावतात आणि वापरलेल्या रकमेवरच व्याज घेतात. आल्याचा पहिला पैसा आला की ते फेडा. फीच्या तारखेच्या आधी ठेव पूर्ण मोकळी झाली पाहिजे, ही तारीख मुलीसमोर बसून कॅलेंडरवर लिहा.

आणि हे सगळं करूनही दिवा लागला तर विका. दिवा लागतो हे ग्राहकाला सांगून, ३ लाख २० हजारांनाच, घासाघीस न करता. मग ३ लाखांच्या आसपास मिळणारी छोटी ऑटोमॅटिक तुमच्या गुडघ्याला आणि कन्नडच्या बाजाराला पुरेल. बांधापर्यंत जायला ट्रॅक्टर आहेच.

ऑइल काढताना गिअरबॉक्सचा खालचा पॅन उघडेल. त्याच्या तळाशी चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट दिसली तर ती नेहमीची झीज. चमकणारे कण किंवा पत्र्याचे कपचे दिसले तर मिस्त्रीला तिथेच थांबवा, कूलर बसवू देऊ नका. पॅन पुसण्याआधी त्या चुंबकाचा जवळून, उजेडात फोटो काढा आणि मला पाठवा. ग्राहकाला काय सांगायचं ते त्यानंतर ठरवू.