रॉयल ऑपेरा हाऊस सोलापूरहून मुद्दाम जाऊन बघण्यासारखं आहे का?

तुम्ही लिहिलंय की आईवडिलांना घेऊन मुंबईला निघालाय, एक संध्याकाळ मोकळी आहे, तेव्हा गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस हे जुनं नाट्यगृह बघावं का आणि त्याचा इतिहास काय. जरूर बघा, पण कार्यक्रमाचं तिकीट काढून. रस्त्यावरून फोटो काढून परत फिरणार असाल, तर नाही गेलात तरी चालेल.

मीही सोलापूरचाच, इथल्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात नाटकं बघत वाढलेला. साहेबांच्या नाटकघरात आपलं काय काम, असं आपल्याकडच्या पुष्कळांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे नाट्यगृह बांधायची कल्पना दोघांची. कलकत्त्याचा नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाची दलाली करणारे पारशी गृहस्थ जहांगीर फ्रामजी काराका. १९११ मध्ये पंचम जॉर्ज दिल्ली दरबारासाठी आला, तेव्हा उद्घाटन त्याच्या हातून उरकून घेतलं. बांधकाम तेव्हा चालूच होतं. प्रयोग सुरू झाले १९१२ मध्ये. बांधलं युरोपीय मंडळींसाठी खरं, पण पुढे ते गाजवलं कोणी? बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, बापूराव पेंढारकर, मास्टर दीनानाथ ही मंडळी तिथे गायली आहेत. दीनानाथांचं नाव सोलापूरकरानं तरी विसरू नये. लता मंगेशकरांनी लहानपणी वडिलांबरोबर शास्त्रीय गाण्याचा पहिला जाहीर कार्यक्रम केला तो ९ सप्टेंबर १९३८ ला, आपल्या सोलापुरात.

पुढे बोलपट आले, संगीत नाटक कंपन्यांचं कंबरडं मोडलं आणि बऱ्याच नाट्यगृहांचं झालं तेच याचंही झालं: १९३५ च्या सुमारास टॉकीज. १९५२ मध्ये ते गुजरातेतल्या गोंडलच्या राजघराण्यानं विकत घेतलं. प्रेक्षक आटत गेला आणि १९९३ मध्ये दाराला कुलूप लागलं. त्यानंतर वीसहून जास्त वर्षं बस स्टॉपचं नाव ऑपेरा हाऊस, हिरेबाजाराचा पत्ता ऑपेरा हाऊस, आणि खुद्द इमारत बंद. मला या सगळ्या इतिहासात हे सर्वांत जास्त लागतं. पाडून टॉवर उभा करणं त्या जागी किती सोपं होतं! गोंडलच्या मालकांनी तसं केलं नाही, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

२००८ पासून वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती सुरू झाली. टॉकीजच्या काळात केलेले फेरफार काढून मूळ रूप परत आणलं आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा पुन्हा वर गेला. पुढच्याच वर्षी या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

आता आत काय बघायचं. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पोचा. दर्शनी दालनातली झुंबरं ससून घराण्यानं दिलेली आहेत. त्यांच्याखाली दोन मिनिटं थांबा. मग आत जाऊन खुर्चीत बसण्याआधी मान वर करा. छताच्या घुमटाचे आठ भाग केलेत आणि त्यांत कवी-नाटककारांना मानवंदना दिलीय. दिवे मालवले की हे काही दिसत नाही, म्हणून म्हणतो लवकर जा. बाजूंना बॉक्स, वर सज्जे, सगळीकडे सोनेरी नक्षी. आणि एवढं सगळं असूनही नाट्यगृह अवाढव्य नाही, पावणेसहाशेच्या आसपास खुर्च्या. नट आणि प्रेक्षक एकमेकांच्या जवळ येतात. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळातली ही बांधणी, त्यामुळे गळ्यातला आवाज पोचावा हा हिशेब मुळातच केलेला. तुमच्या तारखांना नाट्यसंगीताची किंवा शास्त्रीय गाण्याची मैफल असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तीच गाठा. तानपुरे लागले की त्या भिंती कशासाठी आहेत ते कळतं. इंग्रजी नाटकं, नृत्य, पाश्चात्त्य संगीत यांचेही कार्यक्रम होतात.

जायचं कसं? सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी दादरला उतरा. संध्याकाळी पश्चिम रेल्वेची धीमी लोकल पकडून चर्नी रोड, तिथून चालत जाण्याजोगं अंतर आहे. वडीलधाऱ्यांना जिने झेपत नसतील तर तिकीट खालचंच काढा. आधी वेळ असेल तर चौपाटीवर टेकता येईल.

आणि एक करा: आधी त्या आठवड्यात तिथे काय लागलंय ते बघा, मगच रेल्वेचं आरक्षण करा. कार्यक्रम नसेल त्या दिवशी आत सोडतीलच असं नाही, आणि आईवडिलांना एवढ्या लांब नेऊन फाटकाबाहेर उभं करायला नको.